वस्तऱ्याची पाचर

जुना वस्तरा हातात आला की लोक आधी पातं बघतात. गंज किती चढलाय, धार शिल्लक आहे का, छाप कुठल्या कंपनीचा आहे. मी आधी मूठ बघतो, आणि मुठीतही तिचं शेवटचं टोक. तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये नखाएवढा एक तुकडा बसवलेला असतो. ती पाचर. वस्तरा मिटलेला असो की उघडा, ही पाचर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. पण ती चुकीची बसली असेल तर शेफिल्डचं उत्तम पोलादही निकामी ठरतं, कारण पातं दरवेळी मिटताना मुठीच्या आतल्या बाजूला घासतं आणि सकाळी लावलेली धार संध्याकाळपर्यंत गेलेली असते.

वस्तऱ्याची रचना तशी साधी आहे. एक पातं. त्याची एक कड जाड, ती पाठ, दुसरी धार. पात्याच्या मागे बोट टेकवायला वळलेलं शेपूट. मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, शिंगाच्या, हस्तिदंताच्या, हाडाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा लाकडाच्या. एका टोकाला पातं ज्या पिनेवर फिरतं ती पीन, दुसऱ्या टोकाला पाचर आणि तिला धरून ठेवणारी पीन. कुठे स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. मिटलेलं पातं सुटून बाहेर येत नाही ते केवळ त्या दोन पट्ट्यांच्या लवचीकपणामुळे. पट्ट्या पात्याच्या पाठीला दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून धरतात. स्प्रिंगचं काम लाकडानं करायचं, आणि किती करायचं ते पाचरीनं ठरवायचं.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होतो. डाय, पंच आणि गेज यांत नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर कोलशेतला आलो आणि बाल्कनीत एक बाक, एक छोटा व्हाइस आणि कानशींचा डबा एवढा पसारा मांडला. गावातल्या सलूनवाल्याला हे ठाऊक होतं. एका सोमवारी, म्हणजे त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो रुमालात गुंडाळलेला वस्तरा घेऊन घरी आला.

“काका, आजोबांचा आहे. मूठ पार किड्यांनी खाल्ली. पात्याचं जाऊ दे, पण लाकडाची मूठ करून द्याल का? दुकानात सेना महाराजांच्या तसबिरीखाली ठेवीन.”

“नुसता ठेवायला कशाला? दाढी करशील याने.”

“खरंच होईल?”

“बघू या. आधी भिंगाखाली घालू दे.”

मूठ शिंगाची होती. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच, आणि लोकर खाणारे किडे शिंगही आवडीनं खातात. एका पट्टीला आरपार भोकं पडली होती, दुसरी बिजागरीपाशीच दुभंगली होती. पात्यावर तांबूस गंजाचा थर. पण शेपटावर अंगठा फिरवला तर खाली खोलगट काहीतरी लागत होतं. रॉकेलच्या बोळ्यानं पुसत गेलो तसं उमटलं: एक तारा, शेजारी क्रूस, जोसेफ रॉजर्स अँड सन्स, ६ नॉर्फोक स्ट्रीट, शेफिल्ड, आणि खाली इंग्लंड.

हे शेवटचं ‘इंग्लंड’ महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफिल्डच्या नावानं नकली माल इतका सुटला होता की ब्रिटनला १८८७ साली मालावरच्या खुणांविषयी कायदा करावा लागला. पुढे अमेरिकेनं १८९० मध्ये कायदा करून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि शेफिल्डचे कारखानदार पात्यांवर देशाचं नाव ठोकू लागले. देशाचं नाव असलेला वस्तरा त्यामुळे सहसा १८९१ नंतरचा धरतात. त्याआधीच्या पात्यांवर पुष्कळदा राजमुकुट आणि राजाची किंवा राणीची आद्याक्षरं असतात, त्यावरूनही काळ काढता येतो. छाप हा वस्तऱ्याचा जन्मदाखला आहे. म्हणून शेपटाच्या त्या भागाला मी पॉलिश पेपर लावत नाही. तिथे काळपट डाग राहिले तर राहू देत.

आता आजोबांविषयी. त्यांच्या काळात कोलशेत म्हणजे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव, भाताची खाचरं आणि रेतीच्या होड्या. न्हावी बारा बलुतेदारांतला एक. घरोघर जायचं आणि सुगीला भात घ्यायचं. खांद्याला धोकटी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, वाटी, आरसा, धार लावायची सिल्ली आणि चामड्याचा चमोटा. पुढे कोलशेत रस्त्यावर सँडोझ, बायर अशा कंपन्यांचे कारखाने आले, पाळीवरून सुटलेले कामगार दाढीला बसू लागले आणि धोकटीचं दुकान झालं. आता सँडोझच्या, म्हणजे नंतरच्या क्लॅरिअंटच्या जागेवर टोलेजंग इमारती उभ्या आहेत. सलून वातानुकूलित आहे. पण सोमवारची सुट्टी आणि श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी, हे दोन्ही या नातवानं सोडलेलं नाही.

या हत्याराचा एक इतिहास मला फार मोलाचा वाटतो. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की विधवा बायकांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालवणार नाही. केशवपनाविरुद्ध सुधारक लिहीत होते, बोलत होते; पण ते काम प्रत्यक्ष ज्यांच्या हातून होत होतं त्यांनीच हात आखडता घेतला. पोट ज्या हत्यारावर चालतं तेच खाली ठेवायचं, याला किती धैर्य लागलं असेल! या संपामागे सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे होते. त्याच वर्षी त्यांच्याच लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कारखान्यात असताना माझी हौसेची सगळी कामं रविवारीच व्हायची, त्यामुळे लोखंड्यांचं नाव आलं की मी आदरानंच घेतो.

तर, पातं. दुरुस्तीला घेण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, तडा. पातं दोन बोटांत सैल धरून नखानं टिचकी मारायची. स्वच्छ नाद आला तर ठीक, बसका आला तर कुठेतरी चीर आहे, आणि चिरलेलं पातं कधीही गालाला लावू नये. दुसरी, धारेची रेघ. वर्षानुवर्षं सिल्लीवर एकाच ठिकाणी जोर पडला तर धार मधे आत जाते आणि दोन्ही टोकं उरतात. अशी धार सपाट दगडावर टेकतच नाही. तिसरी, गंजाचे खड्डे. पात्याच्या अंगावर खड्डे असले तर बिघडत नाही, धारेच्या अगदी कडेला असले तर मात्र तिथली धार खड्ड्यापर्यंत पोचली की तुटते. या पात्याला टाचेकडे, म्हणजे शेपटाच्या बाजूला, दोन खड्डे होते, पण धारेपासून लांब. नाद उत्तम होता.

गंज काढायला मी घाई करत नाही. पातं रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, मग पितळेच्या पट्टीच्या कडेनं खरवडायचं. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पोलादाला ओरखडा जात नाही. तांबडा गंज पोलाद खात जातो, तो गेलाच पाहिजे. काळा डाग वेगळा. तो बसलेला असतो, पसरत नाही, उलट खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतो. नंतर वॉटर पेपर, चारशेपासून दोन हजारपर्यंत, पाण्यातून आणि हातानंच, पाठीपासून धारेकडे एकाच दिशेनं.

बफिंग मोटर माझ्याकडे आहे, पण वस्तऱ्याला मी ती लावत नाही. कारण पाणी. पोलादाला पाणी देतात म्हणजे लाल तापवून झटकन थंड करतात, त्यानं ते काचेइतकं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं; मग साधारण दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा हळू तापवून ठिसूळपणा कमी करतात. पात्याचा कडकपणा त्या शेवटच्या तापमानावर ठरलेला असतो. बफिंगच्या चाकावर धारेजवळचा केसाएवढा पातळ भाग क्षणात त्याच्या वर जातो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, आणि तीनशेच्या आसपास निळा. निळा दिसला की पाणी उतरलं. तिथली धार पुन्हा टिकत नाही, आणि पातं नव्यानं पाणी द्यायला भट्टीत घातलं तर ते वाकडं होण्याचीच शक्यता जास्त. बाजारात जुने वस्तरे आरशासारखे चकाकताना दिसतात. मला त्यांची धास्ती वाटते.

पोलादावरून एक मुंबईची गोष्ट. दख्खनमध्ये बंद मुशीत घडवलं जाणारं पोलाद इंग्रज ‘वूट्झ’ या नावानं ओळखत. मुंबईत असलेल्या हेलेनस स्कॉट या स्कॉटिश डॉक्टरनं १७९४ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्सकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा हत्यारं घडवणारा कारागीर त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्यानं एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून वूट्झचं गुपित शोधायचा प्रयत्न केला, पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे निबंध छापले गेले. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे विजेचा फॅरडे झाला तोच. या मिश्र पोलादाचे वस्तरे करून त्यानं मित्रांना भेट दिले होते. नंतर शेफिल्डच्या कितीतरी वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असा छाप दिसू लागला, त्यातल्या बहुतेकांत चांदीचा मागमूस नसे, पण नावाचं मूळ या प्रयोगांत आहे. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा छाप दिसला तर उचलून बघा. दख्खनच्या भट्ट्यांपासून सुरू झालेलं एक कुतूहल तुमच्या हातात असेल.

मूठ सुटी करायची ती जुन्या पिनेचं डोकं कानशीनं घासून. ड्रिल लावलं तर ते सरकून पट्टी फुटते. डोकं वॉशरपर्यंत घासलं की बारीक पंचनं पीन मागून ढकलायची, अलगद निघते. शिंगाच्या मोडक्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. पट्ट्यांची लांबी, बाक, पिनांमधलं अंतर हे सगळं त्यांच्यावरूनच घ्यायचं असतं, कारण शेफिल्डच्या कारागिरानं या पात्याला बेतूनच ती मूठ केली होती.

लाकूड मी शिसवी घेतलं. ढोकाळीला एक जुनं घर पाडत होते, तिथल्या पलंगाची आडवी पट्टी ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. कित्येक पावसाळे खाल्लेलं लाकूड. ठाण्याच्या हवेत ही गोष्ट फार मोठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा ओलीचिंब, एप्रिलमध्ये तुलनेनं कोरडी. कच्चं लाकूड या फरकानं फुगतं, आक्रसतं, पिळतं, आणि अडीच-तीन मिलिमीटरच्या पट्टीला एवढासा पीळसुद्धा पुरतो. सागवान माझ्या मते या कामाला बरं नाही. दारं-खिडक्यांना उत्तम, पण इतकं पातळ केलं की रेषेवर उकलतं. बाभूळ चिवट असते, मात्र तिचा सुकलेला तुकडा मिळायला हवा. शिसव घट्ट, जड आणि बारीक पोताची. पातळ केल्यावरही लवते आणि परत सरळ होते. मुठीला हेच हवं.

मिस्त्रींनी मशीनवर चार मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकाच तुकड्यातून, शेजारीशेजारी चिरून दिल्या. शेजारच्या पट्ट्या अशासाठी की हवामानानं वळल्याच तर दोन्ही सारख्या वळाव्यात. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीनं धावल्या पाहिजेत. त्या तिरक्या गेल्या तर बिजागरीच्या भोकापाशी पट्टी मोडणार हे नक्की. दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीनं एकमेकींना चिकटवून एकच पट्टी असल्यासारखं काम करायचं. आधी कागदावर पातं ठेवून उघडं आणि मिटलेलं अशी दोन्ही चित्रं काढायची. मिटल्यावर धार पट्ट्यांच्या आत पूर्ण लपली पाहिजे, पात्याचं नाक पाचरीला लागता कामा नये, आणि पाठ मात्र वर थोडी डोकावली पाहिजे, नाहीतर बोटानं पातं उचलायचं कसं? बिजागरीचं भोक एखाद्या मिलिमीटरनं इकडेतिकडे झालं तरी यातलं काहीतरी बिघडतं. म्हणून आधी भोकं, मग आकार. सेंटर पंचची खूण, १.६ मिलिमीटरचं ड्रिल, मशीन उभं आणि पट्टी सपाट.

आकार कानशीनं द्यायचा, नंतर काच पेपर. बाहेरची बाजू किंचित गोलसर, आतली एकदम सपाट. जाडी मध्यावर अडीच मिलिमीटर आणि टोकांकडे थोडी कमी. व्हर्निअर लावून मी दोन्ही पट्ट्या तपासतो, पण खरी परीक्षा हाताची. पट्टीचं एक टोक धरून दुसरं अंगठ्यानं दाबायचं. दोघी सारख्याच लवल्या पाहिजेत. एक कडक आणि दुसरी नरम राहिली तर मिटताना पातं नरम पट्टीकडे झुकणार.

आणि आता ती पाचर. बिजागरीपाशी पट्ट्यांमध्ये शेपटाची जाडी असते, चारएक मिलिमीटर. दुसऱ्या टोकाला पाचर त्याहून पातळ, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे येत जातात. त्यामुळे पाचरीच्या दोन बाजू समांतर असूनच चालत नाहीत. आतल्या तोंडाशी जाड, टोकाकडे पातळ अशी उतरती लागते, तीही त्या पट्ट्यांच्या उताराला तंतोतंत जुळणारी. उतार जुळला नाही तर पाचर एकाच कडेवर टेकते आणि पीन ठोकली की पट्टी तिथे फुटते किंवा वाकून फट दाखवते.

जाडी हा त्याहून नाजूक भाग. पाचर जाड झाली तर मधे पोकळी जास्त, पाठीला पकड मिळत नाही, पातं सैल पडून धार तळाला आपटते. पातळ झाली तर पट्ट्या पाठीला आवळतात, मिटायला जोर लागतो आणि लाकूड पाठीच्या घर्षणानं झिजतं. आणि पाचरीची एक बाजू जरा तिरकी झाली तर पातं मधोमध न बसता कुठल्यातरी एका पट्टीला चिकटतं, धार लाकडाला घासते. जुन्या शेफिल्ड वस्तऱ्यांत पुष्कळदा शिशाची पाचर सापडते. शिसं मऊ असल्यामुळे पीन ठोकताना ते दबून स्वतःच उतार जुळवून घेतं, शिवाय टोकाला वजन येऊन वस्तरा हातात तोललेला वाटतो. त्या कारागिरांच्या डोक्याला माझा नमस्कार. या वस्तऱ्याची पाचर शिंगाची होती, तिचंही पीठ झालं होतं. मी म्हशीच्या शिंगाऐवजी पट्ट्यांच्याच शिसवीतून पाचर काढली.

ती घासायची पद्धत सांगतो. सपाट काचेवर बारीक काच पेपर पसरायचा आणि पाचर बोटाच्या टोकाखाली धरून दोन-तीन वेळा ओढायची. मग तात्पुरत्या पिना घालून पट्ट्या, पातं आणि पाचर जोडून बघायचं. मिटलेला वस्तरा डोळ्यासमोर, बाल्कनीतल्या उजेडाच्या दिशेनं धरायचा. पात्याच्या दोन्ही अंगांना उजेडाची रेघ दिसते. उजवी रेघ बारीक आणि डावी रुंद दिसली तर पाचरीच्या कुठल्या बाजूचं किती घ्यायचं ते कळतं. पुन्हा सगळं सुटं, पुन्हा घासणं. मायक्रोमीटरनं मोजलं तर एकेका घासण्यात केसाच्या जाडीहूनही कमी निघतं. टूलरूममध्ये डायची फट जुळवताना आम्ही हेच करायचो, पण तिथे पोलाद जागचं हलत नसे. लाकूड मात्र बोटाच्या घामानंही फुगतं. म्हणून सकाळी कोरड्या हवेत बसवलेली पाचर संध्याकाळी पुन्हा उजेडाकडे धरून बघितली पाहिजे. दोन्ही रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या दिसल्या की पाचर झाली.

पिना ठोकण्याआधी लाकडाला तेल. मी जवसाचं पक्कं तेल वापरतो, अगदी पातळ हात, चोळून जिरवायचं, उरलेलं पुसायचं, सुकू द्यायचं, मग पुढचा हात. लाख पॉलिश दिसायला सुंदर, पण दाढीचं गरम पाणी लागलं की पांढरं पडतं. इथे एक सूचना गांभीर्यानं घ्या: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं, घडीत कोंडली तर फडकं आपोआप पेट घेतं. ते पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून टाकायचं.

पीन पितळी तारेची, दोन्ही बाजूंना पितळी वॉशर. तार वॉशरच्या वर जेमतेम एक मिलिमीटर ठेवून कापायची, छोट्या ऐरणीवर टेकवायची आणि गोल तोंडाच्या हलक्या हातोडीनं कडेकडेनं टिचक्या मारत जायचं. जोरात मारलं तर तार आतल्या आत वाकते आणि लाकूड चिरतं. हलक्या टिचक्यांनी डोकं घुमटासारखं पसरतं. पाचरीची पीन घट्ट. बिजागरीची पीन मात्र एवढीच आवळायची की उघडलेलं पातं आपल्या वजनानं पडू नये आणि बोटानं सहज फिरावं. ते साधलं की थांबायचं. घट्ट झालेली पीन सैल करता येत नाही, कापून नवी घालावी लागते.

धार लावणं ही सलूनवाल्यांची विद्या आहे आणि ती त्यांच्याच हाताखाली शिकावी. वस्तऱ्यात एक विलक्षण युक्ती आहे. पातं दगडावर ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, म्हणजे कोन हातानं सांभाळावाच लागत नाही. पाठीची जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर आणि पात्याची रुंदी एकोणीस, यातून सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप येतो. पाठही धारेबरोबर झिजते, त्यामुळे शंभर वर्षांनीही कोन जवळजवळ तोच राहतो. रस्त्यावरच्या सायकलवाल्या धारवाल्याकडे वस्तरा म्हणूनच देऊ नये. फिरत्या चाकावर पाठ टेकतच नाही, कोन जातो आणि पाणीही उतरतं.

धारेच्या कडेला काळ्या मार्करनं रेघ ओढायची आणि हजार नंबरच्या दगडावर, पाण्यातून, धार पुढे ठेवून चालवायचं. मग घड्याळजीच्या भिंगातून बघायचं. शाई कुठे उरली? या पात्यावर टाचेला आणि नाकाला गेली होती, मधे तशीच होती, म्हणजे मधला भाग दगडाला लागत नव्हता. शाई सगळीकडून सारखी निघेपर्यंत हजारवरच राहायचं. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे दगड वाया. नंतर चार हजार, आठ हजार, बारा हजार. आजोबांच्या धोकटीतली सिल्ली नातवानं जपली आहे. मधे खोलगट झाली होती, काचेवर कुरुंदाची भुकटी टाकून घासली आणि सपाट केली. शेवटचे हात त्याच सिल्लीवर दिले. तिच्यावरची धार बारा हजारच्या दगडापेक्षा मऊ लागते असं तो म्हणतो, आणि गालाच्या बाबतीत त्याचा शब्द मी प्रमाण मानतो.

चमोट्याचं काम त्याच्याकडेच दिलं. चमोट्यावर पाठ पुढे आणि धार मागे, दगडाच्या अगदी उलट, आणि प्रत्येक टोकाला पातं पाठीवरून उलटायचं. धारेवरून उलटलं तर चामडं कापतं आणि धारही जाते. चामडं पोलाद घासत नाही, धारेचा शेवटचा कंगोरा सरळ करतं. त्याचा हात चालू झाला तेव्हा मी काम सोडून बघत बसलो. मनगट फिरतं, कोपर हलत नाही. आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी हे मोकळ्या हातानं, पात्याऐवजी पट्टी घेऊन शिकवलं होतं म्हणे. अशी विद्या कुठल्या पुस्तकात नाही, आणि तिच्याकडे निव्वळ जातीचा धंदा म्हणून बघितल्यामुळे आपण तिची नोंद केली नाही याचं मला वाईट वाटतं. धातूशास्त्राचा अर्धा अभ्यास या मनगटांत होता.

किंग कॅम्प जिलेटनं १९०४ मध्ये बदलत्या ब्लेडच्या रेझरचं पेटंट घेतलं, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो वाटला गेला आणि घरोघरचा वस्तरा मागे पडला. आपल्याकडे सलूनमध्ये तो बराच टिकला. एड्स आणि कावीळ ब हे रक्तातून पसरतात ही जाणीव झाल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत आली, आणि ती योग्यच आहे. जुनं पातं उकळून किंवा स्पिरिटनं पुसून दुसऱ्याला लावू नये. हा वस्तरा म्हणून नातू फक्त स्वतःसाठी वापरतो. सोमवारी, दुकान बंद असताना, आरशासमोर, पात्याचा कोन गालाशी तीस अंशांच्या आसपास ठेवून, केसांच्या दिशेनं. शिसवीची मूठ त्याच्या करंगळीशेजारी बरोबर बसते.

खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात पोलाद लवकर गंजतं, त्यामुळे दाढी झाली की पातं पुसायचं, पट्ट्यांच्या मधलं पाणी कापडाच्या कडेनं टिपायचं, मिटण्याआधी हवा लागू द्यायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा बारीक हात फिरवायचा. चामड्याच्या पाकिटात ठेवायचा नाही, चामडं ओल धरून ठेवतं. कोणाच्या घरी पिवळसर, अर्धपारदर्शक मुठीचा जुना वस्तरा असेल तर तो आजच बाकीच्यांपासून वेगळा करा. ते सेल्युलॉइड असण्याची शक्यता आहे. जुनं होताना त्यातून नायट्रोजनची आम्ल वाफ सुटते आणि आधी स्वतःच्या, मग शेजारच्या पात्यांवर गंज चढवते. ते पेटही पटकन घेतं, तेव्हा त्याला कानस आणि करवत जपून लावावी. असाच एक वस्तरा कल्याणहून एका वाचकमित्रानं पाठवलाय. जर्मनीतल्या झोलिंगेनचा, खोलगट घासलेला, टिचकी मारली की लांबवर नाद देणारा. मूठ काढून वेगळ्या डब्यात, बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आहे. पातं रॉकेलमध्ये आहे, आणि ढोकाळीच्या त्या पलंगाची अजून वीतभर पट्टी शिल्लक आहे.